फुकट गस्तीचा हिशेब

अमेरिकेच्या केंद्र सरकारला कोणाकडून फुकट काम करून घ्यायची सरसकट मुभा नाही. 1884 सालापासून तिथल्या कायद्यात तसं कलम आहे. तेव्हा असं चालायचं की खात्याला मंजूर झालेले पैसे वर्ष सरायच्या आतच संपत. मग वरिष्ठ हाताखालच्यांना सांगत, तूर्त स्वखुशीने काम करा, पुढचं पुढे बघू. माणसं करत. आणि पुढे तीच माणसं संसदेच्या दारात उभी राहत: आम्ही राबलो, आता दाम द्या. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? संसदेने जे पैसे दिलेच नव्हते त्यांचं बिल मागच्या दाराने तिच्याच गळ्यात पडे. शेवटी कायद्याने अशी स्वेच्छेची सेवाच बंद केली. माणसाचा जीव किंवा मालमत्ता धोक्यात असेल तेवढा अपवाद ठेवला. एरवी फुकटचे हात हवे असतील तर त्यासाठी वेगळा कायदा करून घ्या, असा त्याचा अर्थ.

स्वयंसेवक हा शब्द आपल्याकडे हार-तुऱ्यांच्या भाषेत वापरला जातो, म्हणून हे कलम ऐकायला कद्रू वाटतं. पण हिशेबनीसाच्या नजरेने पाहिलं तर त्याने एक गोष्ट बरोबर हेरली आहे. फुकट कामाचंही बिल असतं. ते कोणी, कधी आणि कशाच्या बदल्यात भरायचं हे आधी ठरलं नाही तर ते नको त्या वेळी, नको त्या माणसाच्या नावावर येतं. जमिनीवर हा घोळ थोडक्यात निभावतो. रक्तदान शिबिरात स्वयंसेवकाने चहा स्वतःच्या खिशातून पाजला तर बिघडत नाही. समुद्रावर तसं नाही. तिथे स्वयंसेवक नुसता वेळ देत नाही. बोट देतो, इंधन जाळतो, आणि बोटीचा पंखा (प्रोपेलर) खडकावर आपटला तर एका क्षणात महिन्याची कमाई घालवून बसतो.

अमेरिकेच्या तटरक्षक दलाची ऑक्झिलरी, म्हणजे स्वयंसेवकांची साहाय्यक शाखा, हे या प्रश्नाला दिलेलं एक सविस्तर उत्तर आहे. 23 जून 1939 ला तिचा कायदा झाला. हौशी लोकांच्या बोटी भराभर वाढत होत्या, अपघात वाढत होते आणि सगळीकडे पुरायला दलाकडे माणसं नव्हती. सुरुवातीला या नागरी स्वयंसेवकांना 'रिझर्व्ह' म्हणत. 19 फेब्रुवारी 1941 ला ते नाव लष्करी राखीव दलाला गेलं आणि स्वयंसेवक 'ऑक्झिलरी' झाले. 1996 च्या दुरुस्तीने त्यांच्या कामाची कक्षा रुंदावली: थेट कायद्याची अंमलबजावणी आणि लष्करी कारवाई सोडून दलाच्या जवळजवळ कोणत्याही कामात त्यांनी मदत करावी. म्हणजे ते कोणाला अटक करत नाहीत, दंड लावत नाहीत, शस्त्र बाळगत नाहीत. गस्त घालतात, बंद पडलेली बोट ओढून आणतात, रेडिओ ऐकतात, बोटी तपासतात, वर्ग घेतात. काही जण तर दलाच्या जहाजांवर जाऊन स्वयंपाकही करतात. सदस्य व्हायला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्डावर भागत नाही. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर बोट बाळगणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना हे आधी कळलेलं बरं. अर्ज भरून झाल्यावर कळण्यात मजा नाही.

या सगळ्या यंत्रणेचा कणा म्हणजे एक कागद. त्याला ऑर्डर म्हणतात. आपण आदेश म्हणू.

सदस्याची स्वतःची बोट वर्षातून एकदा तपासली जाते. लाइफ जॅकेटं, अग्निशामक, दोर, नांगर, पंप, दिवे, रेडिओ, सगळं यादीप्रमाणे. ती उत्तीर्ण झाली की मालक लेखी देऊ करतो: ही बोट दलाच्या वापराला उपलब्ध आहे. दलाने ती स्वीकारली तरी अजून काही घडलेलं नसतं. गस्तीच्या आधी तांडेल (तिथे कॉक्सन म्हणतात) संगणकावर मागणी टाकतो: कोणती बोट, कोण कोण खलाशी, कोणता दिवस, किती ते किती, कोणता पट्टा, कशासाठी. आदेश काढायचा अधिकार असलेला माणूस ती मंजूर करतो. त्या क्षणापासून, ठरलेल्या वेळेपुरती, ती खाजगी बोट कायद्याच्या दृष्टीने अमेरिकेचं सरकारी जहाज होते. तिने दुसऱ्याच्या बोटीला धडक दिली तर दावा सरकारवर. तिचंच नुकसान झालं तर भरपाईसाठी सरकारकडे दाद मागता येते. खलाशाचा हात दोरात चिरडला तर त्याला केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या धर्तीवर उपचार आणि नुकसानभरपाई. जळलेलं पेट्रोल, तेल, ठरलेल्या नियमात बसणारं जेवणखाण, हेही मिळतं. पगार शून्य.

यात सगळ्यात मोठी चूक एकच, आणि ती चांगल्या माणसांकडून होते. रविवारी दुपारी कोणीतरी फोन करतं, पलीकडच्या खाडीत एक बोट बंद पडली आहे. सदस्य उठतो आणि निघतो. आदेश नंतर घेऊ. पण मागची तारीख घालून आदेश निघत नाही. बुडणाऱ्याला वाचवायला कोणीही जावं, समुद्राचा धर्मच तो आहे, आणि कायदाही आड येत नाही. फक्त त्या फेरीत बोट सरकारी नव्हती. इंजिन बसलं तर ते मालकाचं. शहाणा तांडेल म्हणूनच दोर सोडायच्या आधी दलाच्या स्टेशनला फोन लावतो, तोंडी आदेश घेतो, देणाऱ्याचं नाव आणि वेळ वहीत टिपतो. दोन मिनिटांचं काम. ही दोन मिनिटं टाळून झालेले तंटे पुढे महिनोन् महिने चालतात.

इंधनाच्या पैशातही असेच बारीक काटे आहेत. पेट्रोलवर चालणाऱ्या आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या) इंजिनाचा ढोबळ नियम असा: पूर्ण वेगात दर 10 हॉर्सपॉवरमागे तासाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर. 200 हॉर्सपॉवरचं इंजिन जोरात पळवलं तर तासाला 75 लिटर पितं, आणि रेंगाळत चाललं तर त्याच्या काही अंशावर भागतं. गस्त बहुतेक वेळ रेंगाळतच चालते. मागणी टाकताना अंदाज त्या मंद चालीचा धरलेला असतो. मग मध्येच एखादी निकामी बोट ओढायची वेळ येते, उलटी लाट असते, दोन तासांचे चार होतात आणि मंजूर रक्कम आणि पावती यांचं जुळत नाही. अनुभवी लोक म्हणून दोन गोष्टी चुकवत नाहीत. निघण्याआधी टाकी काठोकाठ भरतात, म्हणजे परतल्यावर जेवढं मावेल तेवढंच गस्तीत जळलं असा साधा पुरावा उरतो. आणि परतल्यावर भरायचं तेही त्याच दिवशी, त्याच बोटीत. सोबत गाडीची टाकी भरून एकच पावती घ्यायची नाही. अर्धी टाकी घेऊन निघालेल्या माणसाची पावती खरी असूनही खोटी दिसते.

झिजेचं काय? पंखा दगडावर आपटणं ही घटना आहे, तिला तारीख असते. इंजिन दरवर्षी थोडं थोडं म्हातारं होतं, त्याला तारीख नसते. नुकसानीच्या दाव्यात ही झीज बसत नाही, म्हणून तिच्यासाठी वेगळा देखभाल भत्ता ठेवला आहे. आदेशाखाली बोट किती तास चालली आणि ती किती मोठी आहे, यावर तो ठरतो. फार नसतो. नवं इंजिन त्यातून येणार नाही. तेलपालट, फिल्टर, थोडंफार रंगकाम निघतं. तरी या भत्त्यातली जाण दाद देण्याजोगी वाटते. बोट वापरली की झिजते हे सरकारने लेखी कबूल केलं आहे, आणि प्रत्येक बोल्टची पावती मागितलेली नाही.

बाकीचा खर्च मात्र सदस्याचाच. गणवेश तो स्वतः विकत घेतो. दलाच्या गणवेशासारखाच, फक्त सोनेरी जरीच्या जागी रुपेरी, म्हणजे पगारी आणि बिनपगारी माणूस दुरून ओळखता यावा. वर वार्षिक वर्गणी असते. सदस्यांच्या स्थानिक गटाला फ्लोटिला म्हणतात. त्याच्या वर विभाग, मग जिल्हा, मग राष्ट्रीय संघटना, आणि वर्गणीत प्रत्येकाचा वाटा. फ्लोटिला बोट चालवण्याचे वर्ग घेते, त्याच्या फीतून खडू-फळ्याचा खर्च निघतो. देणग्या गोळा करायला निराळी नफा-न-करणारी संस्था आहे. हे कप्पे एकमेकांत मिसळायचे नाहीत, हा तिथला कडक दंडक. वर्गणीच्या पैशातून गस्तीचं पेट्रोल भरलं तर दुसऱ्या दिवशी कोणी विचारेल, मग सरकारने दिलेले पेट्रोलचे पैसे कुठे गेले? आणि ज्याची बोट ओढून आणली त्याने खुशीने नोटा पुढे केल्या तर घ्यायच्या नाहीत, हे वेगळं सांगायला नको. उलट जवळपास पैसे घेऊन बोट ओढणारा व्यावसायिक असेल आणि कोणाच्या जिवाला धोका नसेल, तर काम त्याच्याकडे जाऊ द्यायचं. सरकारी खर्चावरच्या स्वयंसेवकाने कोणाचं पोट मारायचं नाही.

आता व्यवस्थापनाकडे. इथे बाहेरून आलेला अधिकारी हमखास ठेचकाळतो. त्याला हुकूम द्यायची सवय असते. स्वयंसेवकाला हुकूम देता येत नाही. त्याला बढती रोखायची भीती नसते, बदलीची नसते. त्याच्या हातात एकच शस्त्र असतं, पुढच्या शनिवारी न येणं, आणि ते तो आवाज न करता चालवतो. ऑक्झिलरीत फ्लोटिलाचा प्रमुख दरवर्षी निवडणुकीने ठरतो. त्याच्या बाहीवर पट्ट्या असतात, पण तो आज्ञा करत नाही, विनवतो. बोट पाण्यात असेपर्यंत मात्र तांडेलाचा शब्द अखेरचा, मग खलाशांत फ्लोटिलाचा प्रमुख स्वतः बसलेला का असेना. हा फरक नवख्यांना कळायला वेळ लागतो. तसा तो आपल्या कोळीवाड्यात शाळकरी पोरालाही कळतो: सोसायटीचा अध्यक्ष कोणीही असो, बोटीवर तांडेल तो तांडेल.

खलाशी म्हणून पात्र ठरायला एक पुस्तिका पुरी करावी लागते. गाठी, दोर फेकणं, ओढायचा दोर बांधणं, माणूस पाण्यात पडला तर काय, नकाशा, रेडिओ. एकेक काम जाणत्या सदस्यासमोर करून दाखवायचं आणि सही घ्यायची. शेवटी परीक्षक बोटीवर येऊन सगळं पुन्हा तपासतो. पुढे दरवर्षी ठरावीक तास पाण्यावर काढले नाहीत तर पात्रता निजते. कागदावर हे चोख आहे. अडतं ते परीक्षकापाशी. परीक्षकही स्वयंसेवकच, बहुधा साठी ओलांडलेला, आणि एका मोठ्या पट्ट्याला दोन-तीनच. नवा सदस्य उन्हाळाभर शिकतो, सप्टेंबरात परीक्षेला तयार होतो, परीक्षकाची तारीख मिळेपर्यंत पाणी गार होतं. तिथे पाण्याचं तापमान 10 अंश सेल्सियसच्या खाली गेलं की खलाशाला ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न येऊ देणारा पोशाख, लागतो, आणि त्याच्या मापाचा ड्रायसूट भांडारात असेलच असं नाही. परीक्षा वसंतावर जाते. त्या सहा महिन्यांत त्याला मेलवर मेल येतात: अमुक ऑनलाइन प्रशिक्षण बाकी, तमुक फॉर्म बाकी. नवा माणूस टिकतो की नाही ते या सहा महिन्यांत ठरतं. माणसं कमी पडली की भरतीची मोहीम काढायची सवय सगळीकडे आहे. आम्हाला विचाराल तर तेवढेच पैसे एका जास्तीच्या परीक्षकाच्या प्रवासखर्चावर घालावेत.

गस्तीला निघायच्या आधी बोटीवरच धोक्याची बेरीज होते. बरीच वर्षं चालत आलेली रीत अशी: देखरेख, आखणी, खलाशांची निवड, त्यांची तब्येत, हवा-पाणी आणि कामाची गुंतागुंत अशा सहा गोष्टींना प्रत्येकी 0 ते 10 गुण. गुण जास्त तर धोका जास्त. 23 पर्यंत हिरवा, 24 ते 44 पिवळा, 45 पासून पुढे लाल. सगळ्यांनी आपापला आकडा मनात धरायचा आणि मग बोलायचा. खरी गंमत बेरजेत नाहीच. पाच जणांनी तब्येतीला 2 म्हटलं आणि एकाने 7, तर थांबून त्या एकाला विचारायचं. बहुतेक वेळा तो रात्रभर जागा असतो, किंवा त्याने सकाळी नवी गोळी घेतलेली असते. पगारी जवान हे बोलायला कचरेल. स्वयंसेवकाने बोलावं म्हणून ही आकड्यांची आडवाट. 'मला बरं नाही' यापेक्षा 'माझे सात' म्हणणं सोपं जातं.

गस्तीपेक्षा कमी खर्चाची आणि जास्त उपयोगाची कामं किनाऱ्यावर होतात, आणि त्यांचा गाजावाजा होत नाही. फुकट बोटतपासणी त्यातली एक. सदस्य धक्क्यावर उभा राहतो, मालकाने हो म्हटलं तर बोट बघतो. संकटात इशाऱ्यासाठी पेटवायच्या दारूकांड्यांची (फ्लेअर) मुदत पाहतो. बनवल्यापासून 42 महिन्यांनी त्या बाद होतात. एकदाच वापरायच्या अग्निशामकाच्या बुडावर कोरलेलं साल पाहतो. 12 वर्षं उलटली की तो मोडीत. नोंदणीचा आकडा तीन इंची ठसठशीत अक्षरांत आहे का, दिवे लागतात का. सगळं ठीक असेल तर त्या वर्षाचा स्टिकर. नसेल तर फक्त यादी हातात, दंड नाही, वर तक्रारही जात नाही. लोक दार उघडतात ते यामुळेच. दुसरा एक स्टिकर कयाकवर, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होडीवर, लावायचा असतो: सापडल्यास या नंबरवर फोन करा. मोकळं कयाक वाहत सापडलं की आत बसलेला माणूस बुडाला असं धरून शोध सुरू करावा लागतो, बोटी निघतात, हेलिकॉप्टर उडतं. स्टिकर असला की एक फोन होतो आणि पलीकडून झोपाळू आवाज येतो, अरेच्चा, रात्री वाऱ्याने गेलं वाटतं. त्या चिकटकागदाची किंमत आणि हेलिकॉप्टरच्या एका तासाची किंमत यांची तुलना करायला कॅल्क्युलेटर लागत नाही.

या सगळ्या व्यवस्थेची दुखरी जागाही पैशातच आहे. अमेरिकेत अर्थसंकल्प अडला आणि सरकारी कामकाज बंद पडलं की ऑक्झिलरीच्या गस्तीही थांबतात. पगार न घेणारी माणसं पगाराअभावी कशी थांबतात, असं बाहेरचा विचारतो. उत्तर त्या 1884 च्या कायद्यात आहे. आदेश काढला की पेट्रोल, नुकसान, दुखापत या सगळ्याची जबाबदारी सरकार अंगावर घेतं; मंजूर पैसे नसताना ती घेता येत नाही.

कॅनडाने वेगळी वाट धरली. तिथली ऑक्झिलरी 1978 सालची. ती सरकारचा भाग नाही. प्रदेशवार नफा-न-करणाऱ्या संस्था आहेत आणि तटरक्षक दल त्यांच्याशी करार करून अनुदान देतं. त्या अनुदानातून विमा, प्रशिक्षण आणि बचावाच्या फेऱ्यांचा खर्च भागतो. अटलांटिकच्या बाजूला सदस्यांत मच्छीमार बरेच. आपली मासेमारीची बोट घेऊनच ते जातात. पॅसिफिकच्या बाजूला संस्थांच्या मालकीच्या, खास बचावासाठी बांधलेल्या वेगवान बोटी आहेत आणि त्यांच्यासाठी गावोगाव देणग्या मागाव्या लागतात. उत्तरेत तर स्वयंसेवक आहेत पण दर्यात न्यायच्या लायकीच्या बोटी नाहीत, म्हणून 2017 पासून आदिवासी वस्त्यांना बोटींसाठीच पैसे द्यायची योजना निघाली. एकाच देशात एकाच कामाचे तीन हिशेब. वरच्या कार्यालयात बसून एकच दर ठरवला असता तर तीनपैकी दोन ठिकाणी तो चुकला असता.

आणि ब्रिटन. तिथली लाइफबोट संस्था, आरएनएलआय, 1824 पासून देणग्यांवर चालते. 1854 ते 1869 या काळात तिने सरकारी पैसा घेऊन पाहिला आणि मग सोडून दिला. सरकारी तटरक्षक खात्याचे स्वयंसेवक वेगळे. ते कड्यावरून दोराने उतरतात, चिखलात रुतलेल्यांना काढतात, किनाऱ्यावर शोध घेतात. काही कामांसाठी त्यांना तासाच्या हिशेबाने पैसे मागता येतात. बरेच जण मागतही नाहीत. त्यांच्या कागदपत्रांत लिहिलं होतं की हे नातं स्वेच्छेचं आहे, नोकरीचा करार नाही. पुढे एका स्वयंसेवकावर शिस्तभंगाची कारवाई झाली आणि प्रकरण कामगार न्यायाधिकरणात गेलं. 2024 साली अपिलात निकाल लागला: ज्या कामाचे पैसे मागायचा हक्क आहे त्या कामावर हजर असताना तो कायद्याच्या दृष्टीने 'वर्कर', म्हणजे काही कामगार-हक्क असलेला माणूस, होता. वर लिहिलेला स्वयंसेवक हा शब्द पाहून न्यायाधीश थांबले नाहीत. त्यांनी पैशाचा मार्ग पाहिला.

आपल्याकडे हाच प्रश्न गृहरक्षक दलाच्या रूपाने आधीच येऊन गेला आहे. 1946 च्या डिसेंबरात मुंबई प्रांतात, दंगलींच्या दिवसांत उभं राहिलेलं हे दल स्वयंसेवी. कर्तव्यावर असेल त्या दिवसाचा भत्ता मिळतो. 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गृहरक्षक नियमित कर्मचारी ठरत नाहीत. पण भत्ता असा हवा की 30 दिवस काम केलं तर ती रक्कम राज्याच्या पोलिसाच्या किमान वेतनाएवढी भरेल. म्हणजे नोकर नाही, पण दाम नोकराएवढं. यातला तिढा सोडवायचा तर खर्चाची भरपाई आणि वेळेचा मोबदला हे दोन कप्पे पहिल्या दिवसापासून वेगळे असावे लागतात. एकदा 'मानधन' या गुळमुळीत शब्दाखाली दोन्ही एकत्र झाले की माणूस म्हणतो पेट्रोललाच पुरत नाही आणि खातं म्हणतं पैसे तर देतो आहोत. दोघंही खरं बोलत असतात.

कोकण किनाऱ्यावर सागर सुरक्षा दल आहे. 1993 च्या स्फोटांसाठीचा माल श्रीवर्धनजवळ शेखाडीला उतरला, त्यानंतर किनाऱ्यावरच्या गावकऱ्यांना पोलिसांच्या जोडीला घ्यायचा विचार पुढे आला. 26/11 च्या रात्री बधवार पार्कजवळ रबरी होडीतून उतरणाऱ्यांना पहिल्यांदा हटकलं ते तिथल्या मच्छीमार वस्तीतल्या लोकांनीच. तेव्हा माणसांची नजर तीक्ष्ण आहे की नाही हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो टी-शर्ट, शिट्टी, बॅटरी आणि ओळखपत्र वाटून झाल्यानंतरचा.

एका गावाचा नमुना हिशेब मांडून पाहू. दोन फायबरच्या होड्या, प्रत्येकीला 9.9 हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड. वरच्याच नियमाने पूर्ण वेगात तासाला पावणेचार लिटर. चार तासांच्या मिश्र गस्तीला 10 लिटर धरू. महिन्याला दोन फेऱ्या. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, समुद्रही खवळलेला, म्हणून वर्षाचे दहा महिने. एका होडीला 200 लिटर, दोन्हींना 400. लिटरला शंभर रुपये धरले तर वर्षाला 40,000 रुपये. वर प्रत्येक होडीला चार लाइफ जॅकेटं, एक हातातला व्हीएचएफ रेडिओ, एक शोधदिवा. हा खर्च एकदाच, मग डागडुजी. रक्कम डोळे पांढरे व्हावेत अशी नाही. पण ती फेरीनंतर आठवड्यात हातात पडली पाहिजे. डिझेलच्या परताव्यासाठी वर्ष वर्ष ताटकळणं आपल्या मच्छीमार सोसायट्यांना नवं नाही, आणि एकदा पोळलेला नाखवा गस्तीच्या पेट्रोलचे पैसे 'नंतर मिळतील' या बोलीवर दुसऱ्यांदा होडी ढकलत नाही. गावच्या सोसायटीकडे दोन फेऱ्यांएवढी उचल आगाऊ ठेवावी, पावती आली की तेवढी पुन्हा भरावी. घरखर्चाच्या डब्यासारखं.

विम्यात फट आहे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतल्या गट अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला 5 लाख रुपये आहेत, कायमच्या आंशिक अपंगत्वाला अडीच लाख, इस्पितळाला 25,000. ते माणसासाठी. जाळं फाटलं, पंखा मोडला, इंजिनात पाणी गेलं, तर त्यात त्याला जागा नाही. आणि होडीवाल्याला भीती असते ती नेमकी याची, कारण दुसऱ्या दिवशी त्याच इंजिनावर घर चालायचं असतं.

यासाठी नवा कायदा होईपर्यंत थांबायची गरज नाही. अमेरिकेतल्या त्या आदेशाच्या कागदाचं काम करू शकेल अशी वही सागरी पोलीस ठाण्यात आधीच उघडी पडलेली असते: स्टेशन डायरी. होडी सुटण्यापूर्वी ठाण्यात फोन. ठाणे अंमलदाराने नोंद घ्यायची. होडीचा नोंदणी क्रमांक, तांडेल आणि खलाशांची नावं, कोणत्या बंदरातून कोणत्या पट्ट्यात, निघायची वेळ, परतायची अपेक्षित वेळ, कोणाच्या सांगण्यावरून. नोंदीचा क्रमांक तांडेलाने पावतीच्या मागे लिहायचा. परतल्यावर पुन्हा फोन, दुसरी नोंद. अपेक्षित वेळेनंतर तासाभरात फोन आला नाही तर अंमलदाराने तटरक्षक दलाच्या 1554 वर कळवायचं. ती दुसरी नोंद राहून जाते बहुधा. होडी लागली की आधी मासळी उतरवायची असते, नाहीतर डोळ्यांवर झोप असते. म्हणून परतीचा फोन तांडेलाकडे ठेवूच नये. किनाऱ्यावर राहिलेल्या एकाकडे तो सोपवावा, ज्याला होडी दिसल्याशिवाय घरी जाता येणार नाही.